अख्खी वेबसाइट पेनड्राइव्हवर: नेट नसताना वाचायला साइट कशी उतरवून घ्यायची

केज तालुक्यातल्या आमच्या गावात लाईट गेली की अर्ध्या-पाऊण तासात टॉवरची बॅटरी बसते आणि रेंज जाते. अभ्यासिकेत त्या वेळी पंधरा-वीस पोरंपोरी बसलेली असतात. कुणी पोलीस भरतीचं करतंय, कुणी तलाठी भरतीचं, कुणी राज्यसेवेचं. मोबाइलवर अर्धवट उघडलेलं पान नुसतं फिरत राहतं. म्हणून पोरांना लागणाऱ्या साइटी मी अभ्यासिकेच्या जुन्या लॅपटॉपवर अख्ख्या उतरवून ठेवते. लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालतो, नेट लागत नाही. हे काम कुणालाही जमेल, फक्त कुठं थांबायचं आणि काय तपासायचं हे आधी माहीत पाहिजे. विंडोजचा साधा कॉम्प्युटर आहे असं धरून सांगते.

अख्खी साइट खरंच हवी आहे का?

हा प्रश्न पहिला, कारण निम्म्या लोकांचं काम त्याहून सोप्यात होतं.

एखाद-दुसरं पान हवं असेल तर ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि एस दाबा आणि प्रकार म्हणून 'वेबपेज, कम्प्लीट' निवडा. एक फाईल आणि त्याच नावाचं एक फोल्डर तयार होतं. दोन्ही बरोबरच हलवायचं, नुसती फाईल दुसरीकडं नेली तर चित्रं मागं राहतात. ही जोडी सांभाळायची नसेल तर ब्राउझरमध्ये 'सिंगलफाईल' नावाचं फुकट एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाका. ते चित्रांसकट सगळं पान एकाच फाईलमध्ये बांधून देतं. मोबाइलवरच्या क्रोममध्ये तीन टिंबांच्या मेनूत खाली जाणारा बाण असतो, त्यानं पान फोनमध्ये राहतं.

शाळेची पुस्तकं हवी असतील तर बालभारतीच्या साइटवर ती पीडीएफमध्ये आहेत, तेवढ्या फाईली सरळ घ्या. विकिपीडिया हवा असेल तर खाली सांगितलेलं हत्यार त्याच्यावर चालवू नका. त्याची तयार प्रत फुकट मिळते, त्याबद्दल पुढं लिहिते.

आणि काही साइटी उतरतच नाहीत. सातबाऱ्याची साइट घ्या. तिथं जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकल्यावर तुमच्यासाठी ते पान त्या क्षणी तयार होतं, ते आधीपासून कुठं ठेवलेलं नसतं. जे ठेवलेलंच नाही ते उतरवणार कसं? शासन निर्णय शोधायची साइट अशीच, खात्याचं नाव निवडून शोधल्यावर यादी येते. तिथून लागतील तेवढे निर्णय एकेक करून पीडीएफमध्ये घ्यावे लागतात.

उरल्या त्या आपल्या कामाच्या: एकमेकांना लिंकांनी जोडलेली शे-दोनशे ते दोन-तीन हजार पानं असलेल्या साइटी. पिकांची माहिती देणारी, जुन्या प्रश्नपत्रिका ठेवणारी, इतिहास-भूगोलाच्या टिपणांची. उदाहरणाला आपण टिपणांचीच एक साइट घेऊ.

एका मिनिटाची परीक्षा

साइट उतरवण्याआधी तिचं एखादं पान उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. पानामागचा कच्चा मजकूर दिसेल, बघायला किचकट असतो, घाबरू नका. आता कंट्रोल-एफ दाबून त्या पानावरचा एखादा मराठी शब्द शोधा, समजा 'गोदावरी'. शब्द सापडला तर साइट उतरेल. सापडला नाही तर समजायचं की पानातला मजकूर जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारा छोटा प्रोग्राम, पान उघडल्यावर भरतो, आणि आपल्या हातात नुसता सांगाडा येईल. अशा साइटीसाठी 'आर्काइव्हवेब डॉट पेज' नावाचं एक्स्टेंशन आहे. ते चालू करून तुम्ही जी जी पानं उघडाल ती ते टिपून ठेवतं आणि नंतर नेटशिवाय दाखवतं. मेहनत जास्त आहे, कारण प्रत्येक पान आपणच उघडायचं. पण वीस-पंचवीस पानांसाठी तोच रस्ता बरा.

या परीक्षेनं माझ्या कित्येक रात्री वाचल्या आहेत.

हत्यार: एचटीट्रॅक

झेवियर रोश या फ्रेंच प्रोग्रामरनं १९९८ साली एचटीट्रॅक काढलं. फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे आणि जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. विंडोजसाठी त्याचं नाव विनएचटीट्रॅक, लिनक्ससाठी वेबएचटीट्रॅक. एचटीट्रॅकच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्या भलत्या साइटीवरून नको. त्यांच्यासोबत नको ते प्रोग्राम येतात. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायची सवय असलेल्यांना डब्ल्यूगेट हे तसंच दुसरं हत्यार जवळचं वाटेल. नवख्या माणसाला मात्र मी एचटीट्रॅकच देते, कारण काय चाललंय ते डोळ्यांसमोर दिसतं.

उघडल्यावर 'नेक्स्ट' दाबा. प्रोजेक्टला नाव द्या, इंग्रजी अक्षरात आणि छोटं. खाली 'बेस पाथ' म्हणजे फाईली कुठं ठेवायच्या ते विचारेल. डी ड्राइव्हवर थेट एक छोट्या नावाचं फोल्डर करा, डॉक्युमेंट्सच्या आत पाच फोल्डर खोल जाऊ नका. याचं कारण मराठी साइटीच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. विंडोजमध्ये फाईलचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या वर गेला की अडचण येते. वेबच्या पत्त्यात मराठी शब्द आला की आतून त्याचं प्रत्येक अक्षरचिन्ह टक्क्याच्या खुणांसकट नऊ चिन्हांनी लिहिलं जातं. 'मराठवाडा' या शब्दात काने धरून आठ चिन्हं आहेत, म्हणजे हा एकच शब्द ७२ चिन्हं खातो. लेखाच्या शीर्षकात असे चार शब्द असले आणि तेच लांबडं नाव फाईलला लागलं, तर फाईल जतनच होत नाही आणि ते पान गायब दिसतं. आपल्या बाजूचा पत्ता जितका आखूड, तितकं बरं.

पुन्हा 'नेक्स्ट'. आता 'अॅक्शन'मध्ये 'डाउनलोड वेब साइट' असू द्या आणि खालच्या मोठ्या चौकटीत साइटचा पत्ता टाका. पत्ता हातानं टाइप करू नका. साइट ब्राउझरमध्ये उघडून वरच्या पट्टीतून कॉपी करा, कारण पुढं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला असे दोन पत्ते एचटीट्रॅक वेगळे धरू शकतो.

आणखी एक. मुखपृष्ठाचा पत्ता दिला तर तो सगळी साइट धुंडाळेल. पण समजा तुम्हाला नुसता 'इतिहास' हा विभाग हवा आहे आणि त्याचा पत्ता स्वतंत्र फोल्डरसारखा आहे, तर तोच पत्ता द्या. एचटीट्रॅक आपणहून वरच्या पायरीवर चढत नाही, दिलेल्या जागेपासून खालीच उतरतो. नुसत्या या एका गोष्टीनं काम दहा पटींनी लहान होऊ शकतं.

हद्द आखणे

आता लगेच पुढं जाऊ नका. 'सेट ऑप्शन्स' दाबा. सगळं काम इथंच आहे, आणि नवीन माणूस नेमकी हीच खिडकी न उघडता पुढं जातो.

मी पहिल्यांदा तेच केलं होतं. एका साइटचा पत्ता टाकला, सुरू केलं आणि झोपले. सकाळी बघते तर काम चालूच होतं, डिस्क भरत आली होती आणि रात्रभरात नेटचा सगळा कोटा संपला होता. त्या साइटवर कोपऱ्यात एक कॅलेंडर होतं. त्यात 'पुढचा महिना' अशी लिंक होती. माणूस ती दोनदा दाबेल आणि सोडून देईल. प्रोग्राम सोडत नाही. तो पुढचा महिना, त्याच्या पुढचा महिना करत साठ वर्षं पुढं गेला होता आणि प्रत्येक महिन्याचं रिकामं पान जतन करत होता. शेताला बांध नसला की नांगर शेजाऱ्याच्या रानात जातो, तसं हे.

'लिमिट्स'च्या पानावर तीन आकडे भरा. पहिला खोली, 'मॅक्सिमम मिररिंग डेप्थ'. १ म्हणजे फक्त दिलेलं पान, २ म्हणजे ते पान आणि त्यावरच्या लिंकांची पानं, ३ म्हणजे आणखी एक पायरी. पहिल्यांदा २ टाकून चाचणी घ्या, दोन-चार मिनिटांत होते. ठीक वाटलं तर मग ४ किंवा ५ करा. शेजारची बाहेरच्या साइटीची खोली शून्यच राहू द्या. दुसरा आकडा एकूण आकाराचा. तो बाइटमध्ये लागतो, ५०० एमबीची मर्यादा घालायची तर ५०,००,००,००० लिहा, स्वल्पविराम न देता. तिसरा वेगाचा. मी सेकंदाला २५,००० बाइट ठेवते. म्हणजे तासाला ९० एमबी. ५०० एमबीच्या साइटला साडेपाच तास लागतात, रात्री अकराला लावलं की पहाटेपर्यंत होतं. कमी वेग मी मुद्दाम ठेवते, त्याबद्दल पुढं आहे.

मग 'स्कॅन रूल्स'. इथं अधिकचं चिन्ह म्हणजे घे आणि वजाचं चिन्ह म्हणजे सोड. तारा म्हणजे मध्ये काहीही असो. '-*कॅलेंडर*' लिहिलं की पत्त्यात तो शब्द असलेलं एकही पान येणार नाही. (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरात करायचं, पत्त्यात जसं स्पेलिंग आहे तसं.) '-*लॉगिन*' आणि '-*प्रिंट*' हे मी नेहमी घालते. वर्डप्रेसवर बांधलेल्या साइटी असतील तर '-*रिप्लायटूकॉम*' हवंच, नाहीतर प्रत्येक प्रतिक्रियेमागं त्याच पानाची एक प्रत येते. नियम एकमेकांच्या विरोधात गेले तर खालचा नियम वरच्यावर मात करतो, म्हणून खास नियम शेवटी लिहा.

'लिंक्स'च्या पानावर एक खूण करा: लिंकशी संबंधित पण एचटीएमएल नसलेल्या, म्हणजे वेबपान नसलेल्या, फाईली घ्यायची. ती का, ते थोड्या वेळात कळेल. 'फ्लो कंट्रोल'मध्ये एका वेळची कनेक्शनं २ ठेवा. बाकीच्या पानांना हात लावू नका.

'ओके', 'नेक्स्ट', 'फिनिश'. काम सुरू होतं.

सुरुवातीची दहा मिनिटं लॅपटॉपसमोर बसा. खिडकीत 'लिंक्स स्कॅन्ड'पुढं दोन आकडे दिसतात, जसं ३४१/१२०८. पहिला म्हणजे तपासून झालेल्या लिंका, दुसरा म्हणजे आतापर्यंत सापडलेल्या. चांगल्या चाललेल्या कामात दुसरा आकडा सुरुवातीला भराभर वाढतो आणि मग मंदावतो, पहिला त्याला गाठत येतो. अर्ध्या तासानंतरही दुसरा आकडा पहिल्याच्या पुढं पळतच असेल तर कुठंतरी कॅलेंडरसारखा सापळा आहे. थांबवा, खाली कुठल्या पत्त्याच्या फाईली येतायत ते वाचा, तो शब्द वजाच्या नियमात टाका आणि परत लावा.

मध्येच लाईट गेली तर? जाणारच. परत सुरू करताना तेच प्रोजेक्ट निवडा आणि 'अॅक्शन'मध्ये 'कंटिन्यू इंटरप्टेड डाउनलोड' घ्या. झालेलं काम वाया जात नाही. ही नोंद तो प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या 'एचटीएस-कॅश' या फोल्डरमध्ये ठेवतो. जागा वाचवायला म्हणून कुणी ते पुसतं, ते पुसायचं नाही.

नेट बंद करून उघडा

काम संपलं असा निरोप आला म्हणजे प्रत तयार झाली असं नाही. वायफाय बंद करा, प्रोजेक्टच्या फोल्डरमधली 'इंडेक्स' फाईल उघडा आणि फिरून बघा. लिंकवर नुसता माऊस न्या, दाबू नका. खाली डाव्या कोपऱ्यात पत्ता दिसतो. तो 'फाईल'नं सुरू होत असेल तर पान आपल्याकडं आहे. 'एचटीटीपी'नं सुरू होत असेल तर ते बाहेरच राहिलंय.

पहिली साइट मी अभ्यासिकेत लावली तेव्हा मुखपृष्ठ उघडलं, टिपणं उघडली, मी खूश होते. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "ताई, पान तर उघडतंय, पण प्रश्नपत्रिकेवर दाबलं की नेट मागतंय." बघितलं तर साइट एका सर्व्हरवर, म्हणजे साइट ठेवायच्या कॉम्प्युटरवर होती आणि तिच्या सगळ्या पीडीएफ दुसऱ्याच सर्व्हरवर. एचटीट्रॅक हद्दीबाहेर गेला नव्हता, त्याचं बरोबरच होतं. मघाशी 'लिंक्स'च्या पानावर जी खूण करायला सांगितली ती यासाठी. आणि माझी तपासणी अपुरी पडली, कारण मी वायफाय चालू ठेवूनच बघत होते. नेट चालू असताना राहून गेलेल्या गोष्टी बाहेरून येतात आणि आपल्याला वाटतं सगळं जागेवर आहे. आता मी प्रत दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडते, ज्यावर ती साइट कधी उघडलेलीच नाही.

कुठली फाईल राहिली ते 'एचटीएस-लॉग' या मजकुराच्या फाईलमध्ये मिळतं. तिथं ४०४ दिसला तर ते पान मुळात साइटवरच नाही, आपली चूक नाही.

काही गोष्टी येणारच नाहीत, त्याची तयारी ठेवा. यूट्यूबचे व्हिडिओ चालणार नाहीत. साइटवरचा 'शोधा' हा रकाना मुका होतो, कारण शोधायचं काम सर्व्हर करत असतो. जुन्या मराठी साइटीत मजकूर युनिकोडमध्ये नसून एखाद्या खास फाँटमध्ये असतो. फाँटची फाईल आली नाही तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. त्या साइटवर फाँट वेगळा ठेवलेला असेल तर तो घेऊन कॉम्प्युटरवर बसवला की मजकूर नीट दिसतो.

पेनड्राइव्ह आणि मोबाइल

एका साइटमध्ये दहा-बारा हजार बारक्या फाईली असतात. त्या तशाच पेनड्राइव्हवर टाकल्या तर तास-तास जातो. आधी फोल्डरची एकच झिप फाईल करा, ती न्या आणि तिकडं सोडवा. घेणाऱ्याला बजावून सांगा की झिप न सोडवता आतूनच इंडेक्स उघडलं तर एकही लिंक चालत नाही. मागच्या हंगामात एक पोरगा आईवडलांबरोबर ऊसतोडीला जाताना फोनच्या मेमरी कार्डात एक प्रत घेऊन गेला आणि आठ दिवसांनी फोनवरून हेच विचारत होता. मोबाइलवर एचटीट्रॅकची प्रत तशीही कुरकुरते, फोल्डरमधल्या पानांच्या लिंका फोन धड उघडत नाही. मोबाइलसाठी किविक्स हे नेटशिवाय साइटी वाचायचं ॲप चांगलं.

किविक्स २००७ पासून आहे, फुकट आहे, अँड्रॉइडवरही चालतं. अख्खी साइट झिम नावाच्या एकाच फाईलमध्ये मावते आणि तिच्यात शोधताही येतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, त्याची झिम फाईल किविक्सच्या संग्रहात तयार आहे. चित्रांसकट हवी तर नावात 'मॅक्सी' असलेली घ्या, चित्रांशिवाय 'नोपिक', आणि नुसत्या लेखांच्या सुरुवाती हव्या तर 'मिनी'. फाईल ४ जीबीच्या वर गेली तर जुन्या पद्धतीनं म्हणजे फॅट३२नं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती बसत नाही, जागा असूनही नाही म्हणतो. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आधी आतलं काढून घेऊन.

अभ्यासिकेत मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही: कॉम्प्युटरवरच्या किविक्समध्ये 'लोकल किविक्स सर्व्हर' म्हणून सोय आहे. ती चालू केली की एक आकड्यांचा पत्ता मिळतो. लॅपटॉप आणि पोरांचे फोन एकाच वायफायवर जोडले, अगदी ज्या राउटरला नेटच नाही अशा राउटरवर, तरी तो पत्ता टाकून प्रत्येकाच्या मोबाइलवर विकिपीडिया उघडतो. एक जुना लॅपटॉप पंधरा जणांना पुरतो.

ज्याची साइट आहे त्याचा विचार

मी वेग कमी आणि कनेक्शनं दोनच ठेवते, कारण लहान साइटी स्वस्तातल्या सर्व्हरवर असतात. आपण वीस कनेक्शनांनी ओढायला लागलो तर बाकीच्यांना साइट उघडेनाशी होते. आणि ती चालवणारा बहुधा आपल्यासारखाच कुणीतरी शिक्षक असतो, पदरचे पैसे घालून. साइटी 'रोबोट्स' नावाच्या छोट्या फाईलमध्ये प्रोग्रामांनी कुठं जाऊ नये ते लिहून ठेवतात. एचटीट्रॅक ते पाळतो. ते न पाळायची सोयही ऑप्शन्समध्ये आहे, ती वापरू नका.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी रास्त वापराला जागा आहे. स्वतः वाचायला प्रत ठेवणं त्यात बसतं. तीच प्रत विकणं किंवा स्वतःच्या नावानं परत नेटवर टाकणं बसत नाही. अभ्यासिकेसारख्या ठिकाणी दहा जणांना द्यायची असेल तर साइटवाल्याला सरळ विचारा. मी चार ओळींचा मेल टाकते: आम्ही कोण, कशासाठी हवं, कुठं विकणार नाही. एकानं तर उत्तरात सगळ्या पीडीएफचा एक गठ्ठाच पाठवला, उतरवायचं कामच वाचलं. विकिपीडियाचा मजकूर मात्र मुक्त परवान्याचा आहे, श्रेय देऊन तो वाटायला हरकत नाही. पासवर्ड टाकून आत गेल्यावर दिसणारी पानं, किंवा लोकांचे नंबर-पत्ते असलेली पानं उतरवू नका.

दुसऱ्यांदा घेताना

दोन-तीन महिन्यांनी साइटवर नवीन भर पडलेली असते. तेव्हा तेच प्रोजेक्ट उघडून 'अपडेट एक्झिस्टिंग डाउनलोड' निवडलं की बदललेलं आणि नवीन तेवढंच येतं, अर्ध्या तासात होतं. पण इथं एक धोका आहे. साइटनं मधल्या काळात जुनी पानं काढून टाकली असतील, तर अपडेट करताना एचटीट्रॅक आपल्याकडची ती पानंही पुसून टाकतो, कारण प्रत मूळ साइटसारखी ठेवणं हे त्याचं काम. आपल्याला तर नेमक्या त्या जुन्या प्रश्नपत्रिकाच हव्या असतात. ऑप्शन्सच्या 'बिल्ड' या पानावर जुन्या फाईली न पुसण्याची खूण आहे, ती करून ठेवा. मी त्याशिवाय आणखी एक करते: अपडेटच्या आधी अख्खं फोल्डर झिप करून त्याच्या नावात तारीख घालते आणि अभ्यासिकेच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर टाकते. हार्ड डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवलीय, तिच्यावर साइटचं नाव आणि महिना पेननं लिहिलेला असतो, म्हणजे मी नसले तरी कुणालाही काढता येतं.